माठाखालचं स्टिअरिंग

आमच्या स्वयंपाकघरात ओट्याच्या कोपऱ्यात जो माठ आहे, तो ज्या कड्यावर बसवलेला आहे ते कडं म्हणजे शर्यतीच्या गाडीचं स्टिअरिंग आहे, हे घरात नव्याने येणाऱ्या कुणालाही खरं वाटत नाही. सून लग्न होऊन आली तेव्हा पहिल्याच साफसफाईत तिने ते भंगारात काढलं होतं. त्यावर सुतळी गुंडाळलेली, सुतळीला वर्षानुवर्षांच्या पाण्याचा काळपट रंग चढलेला, मधल्या तीन पट्ट्या गंजलेल्या. तिचं काही चुकलं नाही. मी फक्त म्हटलं, "आधी मला दे भंगारात, मग त्याला." तेव्हापासून वर्तकनगरच्या या दोन खोल्यांत आम्ही दोघंही सुखाने राहतो, मी आणि ते कडं. माझी नात रेवा हल्ली टीव्हीवर गाड्यांच्या शर्यती बघते. मीही बसते तिच्याजवळ शेंगा सोलत. मधेच एखादी गाडी रस्ता सोडून कडेला जाते, धूर येतो, आतला मुलगा उतरून हेल्मेट काढून चालायला लागतो, आणि रेवा हळहळते, "आजी, अचानक बंद पडली गं." मी तिला सांगते, त्याच्या घरी आदल्या दिवशी काय झालं होतं ते विचार आधी. तिला वाटतं, म्हातारी काहीतरी बरळते.

तर ते घर. कल्याणला मुरबाड रोडच्या कडेला पुढे गॅरेज आणि मागे आम्ही. दोन्हींच्या मधे एक पत्र्याचं दार होतं, ते कधी लागत नसे, त्यामुळे घर कुठे संपतं आणि गॅरेज कुठे सुरू होतं हे आम्हालाही नीट माहीत नव्हतं. आईच्या आंबोळ्यांना डिझेलचा वास आणि दादांच्या शर्टाला खोबऱ्याचा. दादा म्हणजे माझे वडील. ट्रकची इंजिनं उघडायची, साफ करायची, पुन्हा मिटायची, हे त्यांचं काम, आणि ते इतके कमी बोलत की इंजिनालाच त्यांचा आवाज जास्त माहीत असावा. सकाळी पहिला हातोडा पडला की आई चुलीवर चहा ठेवी. कानस चालू झाली की काळ्या वाटाण्यांची उसळ उकळायला लागलेली असे. आणि दुपारी सगळं एकदम शांत झालं की समजायचं, पानं वाढायची वेळ झाली. घड्याळ होतं भिंतीवर, पण त्याच्याकडे फक्त मी बघायची, तेही काचेत केस नीट दिसतात म्हणून.

घरातला कारभार मोठीआईचा. मोठीआई म्हणजे दादांची आई. मालवणकडून येऊन तिला इतकी वर्षं झाली होती तरी तिच्या जिभेने कल्याण स्टेशन ओलांडलं नव्हतं. ती मालवणीच बोलायची, भाजीवाल्या सिंध्याशीसुद्धा, आणि तो तिला सिंधीत उत्तर द्यायचा, आणि भाजी अगदी बरोबर यायची. आणि उरला मधूकाका. दादांचा धाकटा भाऊ, लग्नाचं वय उलटत चाललेला, हसरा, हातात जादू आणि डोक्यात वारा. गिऱ्हाइकांनी टाकून दिलेल्या एका जुन्या टॅक्सीचा सांगाडा घेऊन, तिचं छप्पर कापून, तिला जमिनीसरशी बसवून त्याने एक शर्यतीची गाडी केली होती. घरात तिला आम्ही 'बसकी' म्हणायचो. मोठीआई म्हणायची, "माका वाटला सून हाडतलो. ही हाडल्यान." हाडणं म्हणजे आणणं. तो शब्द लक्षात ठेवा, पुढे लागेल.

मलंगगडाच्या दिशेला नेवाळीकडे लढाईच्या काळातली एक विमानांची धावपट्टी तशीच पडून होती. गवत, गुरं, आणि मधे लांबच लांब काँक्रीट. तिथे कधीमधी मुंबईची हौशी मंडळी आपापल्या गाड्या घेऊन यायची आणि पट्टीच्या दोन टोकांना डांबराची रिकामी पिंपं ठेवून त्यांना वळसे घालत शर्यत लावायची. मधूकाका बसकी घेऊन तिथे जायचा. शर्यत त्याने एकदाही पूर्ण केली नाही. पहिल्या खेपेला पंख्याचा पट्टा तुटला. त्याने आईच्या परकराची नाडी बांधून गाडी पुन्हा सुरू केली आणि नाडीने अर्धी फेरी काढलीसुद्धा. पुढच्या खेपेला गिअरचा दांडा मुळासकट हातात आला, तो त्याने वर काढून लोकांना दाखवला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यानंतर एकदा सायलेन्सर पडला, मागच्या गाडीखाली गेला, आणि मागच्या गाडीवाला पारशी म्हातारा खाली उतरून तो उचलून काकाला परत देऊन गेला, टोपी काढून. दर वेळी काका घरी यायचा तो मोडलेला भाग हातात घेऊनच. ओट्यावर ठेवायचा. मोठीआई भाजीची पिशवी बघावी तशी त्याच्याकडे बघायची आणि विचारायची, "आज काय हाडलंस?" आणि काका म्हणायचा, "आये, आज दांडो ताजो होतो." मग सगळे हसायचे. दादासुद्धा, मिशीच्या आत.

पण त्या वर्षी गणपतीनंतर दादा हसायचे बंद झाले. मोहन्याच्या कारखान्यात ओळखीने काकासाठी एक जागा मिळत होती, धागा काढायच्या खात्यात, कायमची. दादांनी जेवता जेवता सांगितलं, पान न सोडता, "मधू, एक शर्यत पुरी करून दाखव. पहिला नको येऊस. शेवटचा ये. पण गाडी चालवत परत ये. तर गॅरेजमधे मागची शेड तुझी, काय करायचं ते कर. नाहीतर दसऱ्यानंतरच्या सोमवारी कारखान्यात हजर व्हायचं." काका भाताचा घास हातात धरून बसला. मग म्हणाला, "दसऱ्याला सकाळी आहे शर्यत." दादा म्हणाले, "मग बघ." आईने दोघांनाही सोलकढी वाढली. एवढंच झालं. आमच्याकडे मोठ्या गोष्टी अशाच व्हायच्या, कढी वाढेपर्यंत.

आता त्या सगळ्यात मी काय करत होते ते सांगते, म्हणजे तुम्हाला माझ्या बुद्धीचा अंदाज येईल. मी एक झेंडा शिवत होते. काळ्यापांढऱ्या चौकटींचा, शर्यत संपल्यावर हलवतात तो. काळा भाग माझ्या जुन्या परकराचा आणि पांढरा दादांच्या फाटक्या लेंग्याचा. चौकटी सरळ आल्या नव्हत्या, काही तर त्रिकोणीच होत्या. काकाचं आयुष्य टांगणीला लागलं होतं आणि मी कपाटाच्या आरशासमोर उभी राहून झेंडा हलवायचा सराव करायची, मान किती तिरपी करायची ते बघत. कारण त्या मुंबईवाल्यांत एकजण होता, गॉगल लावणारा, हिरव्या गाडीतला. त्याचं नाव मला माहीत नव्हतं. त्याचं तोंडही गॉगलमुळे अर्धंच माहीत होतं. पण तेवढ्या अर्ध्यावर मी पूर्ण संसार उभा केला होता, त्यात मुंबईत गच्चीचा फ्लॅट होता आणि मोठीआईला तिथे करमत नव्हतं. आज ती मुलगी माझ्यासमोर आली तर मी तिला पहिली भांडी घासायला बसवीन.

खंडेनवमीचा दिवस आमच्याकडे मोठा. दुपारनंतर गॅरेजातली सगळी हत्यारं बाहेर निघायची, रॉकेलमधे धुवून पुसून घरात यायची. हातोडे, पाने, पकडी, जॅक, अगदी हवेचा पंपसुद्धा. देव्हाऱ्याखाली पाटावर ती नीट मांडायची, झेंडू, हळदकुंकू, आणि मोठीआईची विळी मधोमध, कारण तिच्या मते गॅरेजच्या आधी घर. एकदा का हळदकुंकू लागलं की मग कुणी हात लावायचा नाही. दसऱ्याला दुपारी नैवेद्य दाखवून पाट हलवला की मगच हत्यार उचलायचं. ट्रक दारात बंद पडला तरी थांबायचं, आणि गिऱ्हाइकं थांबायची; त्यांच्याही घरी तेच होतं.

काका त्या दुपारी बसकीत डोकं खुपसून होता. गुडघे अडकतात म्हणून त्याने जुनं मोठं स्टिअरिंग काढून स्वतः एक छोटं केलं होतं, लोखंडी कडं, तीन पट्ट्या, वरून सुतळी, हात घसरू नये म्हणून. ते त्याने दांड्यावर चढवलं, नट हाताने फिरवत बसवला, आणि तो घट्ट आवळायचा मोठा पाना घ्यायला घरात आला. पाना पाटावर होता. मोठीआईच्या हातात हळदकुंकवाचं ताट. काका दारातच थांबला, तेलाचे हात मागे धरून, आणि एवढा एक पाना बाहेर राहू दे अशी विनवणी करत म्हणाला, "आये, हो एक पानो भायर ऱवांदे."

मोठीआईने मान न वळवता पान्यावर बोट टेकवलं. पिवळं, मग लाल. "देवीफुडे ठेवलेलो उचलूचो नाय. दुपारपासून काय करी होतंस?"

"तेच काम करत होतो."

"मगे फाल्यां कर." फाल्यां म्हणजे उद्या.

काका हसला. आम्ही सगळे तिथेच होतो. आई समई लावत होती, दादा पंप पुसत होते, मी झेंडूची माळ ओवत होते. दादांनी एकदा वर बघितलं. त्यांना काय तो नट माहीत नव्हता? पण मोठीआईला ते कधी उलट बोलले नव्हते. ते म्हणाले, "उद्या तिथे मागून घे कुणाचा तरी. एवढे लोक येतात." काका म्हणाला, "हो, तिथे घेईन." मग आरती झाली.

दसऱ्याला सकाळी निघताना मोठीआई तोरण ओवायला बसली होती. आमच्याकडे तोरणात आंब्याचं पान, झेंडू आणि भाताची लोंबी लागते. लोंब्या कमी पडत होत्या. ट्रकला दोरीने बसकी बांधून आम्ही निघालो तसं ती मागून म्हणाली, "येताना भाताची लोंबी हाड रे, मधू."

धावपट्टीवर ऊन चढलं होतं. दोन्ही बाजूंना कापणीला आलेली भातं, पिवळीधम्मक, आणि त्यामधे हा करडा पट्टा. काकाने पाना मागितला. मी बघितलं ते. तो एकेका गाडीपाशी जाऊन वाकून काहीतरी विचारत होता. गॉगलवाल्याने आपली पान्यांची पेटी उघडून दिली. सुंदर पेटी, आत मखमल. पण त्याचे पाने त्याच्या गाडीचे, आमच्या नटाला एक सैल आणि एक शिरतच नाही असा. शेवटी कुणाची तरी पक्कड मिळाली. काकाला तिने जेवढं आवळता आलं तेवढं त्याने आवळलं, स्टिअरिंग धरून हलवलं, आणि म्हणाला, "बसलंय." दादा शेजारी उभे होते. त्यांनी हात पुढे करून आपणही हलवून बघितलं. मी दोघांकडे फार वेळ बघितलं नाही, कारण मला गॉगलवाला कुठे उभा राहतो ते बघायचं होतं.

लोकांना दोरीच्या मागे उभं केलं होतं. मी दोरीखालून गेले आणि पट्टीच्या पार टोकाला, पिंपांच्याही पलीकडे, शेताच्या बांधापाशी जाऊन उभी राहिले. तिथे प्रत्येक गाडी वळताना हळू होते आणि चालवणाऱ्याचं तोंड दिसतं, म्हणजे त्यालाही आपलं दिसेल, असा माझा हिशोब. झेंडा साडीच्या आत लपवलेला. हो, साडी; मोठी दिसावी म्हणून आईची नेसले होते.

शर्यत सुरू झाली आणि बसकी चालली. यावेळी खरंच चालली. पट्टा तुटला नाही, दांडा निघाला नाही. मुंबईच्या दोन गाड्या धूर काढत थांबल्या, हिरवीसुद्धा थांबली, आणि बसकी आपली मागून तिसरी, मग मागून चौथी, गुरगुरत. लाउडस्पीकरवरचा माणूस म्हणाला की ही शेवटची फेरी. म्हणजे माझ्या इथल्या पिंपाला वळसा घालायचा आणि सरळ परत जायचं, एवढंच उरलं होतं. लांबून दादांचा पांढरा सदरा दिसत होता. ते दोरीला दोन्ही हातांनी धरून होते. मला वाटलं, झालं. मागची शेड मधूकाकाची. मी साडीतून झेंडा काढला.

मग बसकी पिंपापाशी आली आणि वळली नाही.

मला वाटतं हे सगळं फार लहान असेल, डोळा मिटून उघडण्याएवढं. पण माझ्याजवळ ते लांबलचक आहे आणि त्यात आवाज नाही. काकाचे दोन्ही हात छातीपाशी आले. हातात कडं होतं. गाडी आणि कडं यांचा एकमेकांशी काही संबंध उरला नव्हता. त्याने कड्याकडे बघितलं आणि मग माझ्याकडे. तोंड उघडलं होतं, काहीतरी म्हणत असेल. टायर घासल्याचा वास मला आला तो नंतर, खूप नंतर, कदाचित दुसऱ्या दिवशी. बसकी सरळ माझ्याकडे येत होती आणि मी, आरशासमोर केली होती तशीच मान तिरपी करून, झेंडा हलवला. हे मी खोटं सांगत नाही. डावीकडून उजवीकडे, दोनदा. पट्टीच्या कडेला एक बुजलेलं गटार होतं, त्यात पुढचं चाक अडखळलं, गाडी हातभर वाकडी झाली, माझ्या पदराला वारा लागला, आणि ती माझ्या बाजूने बांधावरून भातात शिरली. भातात बराच आत जाऊन थांबली. तिच्यामागे एक रुंद आडवी वाट पडली, एखाद्याने चटई अंथरल्यासारखी.

दादा धावत आले. त्यांना धावताना मी त्याआधी कधी बघितलं नव्हतं आणि नंतरही नाही. त्यांनी मला मारलं नाही, जवळही घेतलं नाही. माझ्या मुठीतून झेंडा काढून घेतला, त्याची घडी घातली, खिशात ठेवला. मग भातात गेले. काका गाडीतच बसला होता, मांडीवर स्टिअरिंग. त्याला कुठेही खरचटलं नव्हतं. लोक जमले, मुंबईवाल्यांपैकी कुणीतरी खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "अचानक हो गया भाई, मशीन है." दादांनी त्याच्याकडे वळून बघितलं, बुडणाऱ्याने काठी बघावी तसं, आणि म्हणाले, "हो. अचानक झालं." शेतवाला आला, त्याच्याशीही तेच. मग ट्रकमधे आईला सांगायचं कसं यावर ते स्वतःशीच एकदा म्हणाले, "अचानक निघालं." काका मधे बसला होता, कडं मांडीवरच. मी खिडकीपाशी. माझे हात माझ्या मांडीवर होते आणि ते दुसऱ्या कुणाचे तरी ठेवायला दिल्यासारखे वाटत होते.

घरी तोरण अर्धंच लागलेलं होतं. मोठीआई उंबऱ्यात उभी. काका आत आला, नेहमीसारखा सरळ ओट्यापाशी गेला आणि स्टिअरिंग ठेवलं. मी वाट बघत होते ती विचारेल याची. आई पण थांबली होती, झारा हातात धरून. मोठीआईने कड्याकडे बघितलं, मग देव्हाऱ्याकडे, जिथे तो मोठा पाना पिवळालाल होऊन झेंडूत पडला होता. आणि तिने विचारलं नाही. ती म्हणाली, "हातपाय धुवा. पानां वाढलेली आसत."

आम्ही जेवलो. श्रीखंड होतं, पुऱ्या होत्या. मी किती पुऱ्या खाल्ल्या ते आई नंतर मावशीला सांगत होती. चव नव्हती कशालाच, पण तोंडात घातलेलं खाली जात होतं आणि थांबायचं कारण दिसत नव्हतं. मध्येच मोठीआई उठून बाहेर गेली. बराच वेळ आली नाही म्हणून मी पत्र्याच्या दारातून डोकावले. बसकीच्या पुढच्या जाळीत, चाकांत, दिव्यांच्या खोबणीत भाताच्या लोंब्या अडकल्या होत्या, मूठमूठभर. ती वाकून एकेक ओढून काढत होती आणि पदरात घेत होती. मग आत आली आणि तोरण पुरं केलं.

सोमवारी काका मोहन्याला गेला. सायकलवरून. आणि पुढची सगळी वर्षं सायकलवरूनच गेला, निवृत्त होईपर्यंत. गाडीच्या पुढच्या सीटवर तो पुन्हा बसला नाही. संध्याकाळी परत यायचा तेव्हा शर्टाला कोबी शिजल्यासारखा कारखान्याचा वास असायचा. हसायचा, पण कुणी हसलं की मग. बसकी दादांनी सुटी करून तिचे भाग ट्रकांना वापरले, एक दिवस असा आला की ती नव्हती. मोठीआईला कुणी कधी काही बोललं नाही. बोलणार काय? पुढच्या वर्षी खंडेनवमीला तिने पाटावर फक्त विळी ठेवली. दादा हत्यारं घेऊन दारात उभे होते, त्यांना म्हणाली, "तुझी थयच ऱवांदे." त्यांनी परत नेली. शेजारीपाजारी, नातेवाईक, जो विचारेल त्याला घरातलं प्रत्येक माणूस तेच सांगायचं, अचानक झालं. एवढ्या एका शब्दावर आमचं घर पुढे कितीतरी वर्षं उभं राहिलं.

आणि मी. मी काय केलं? मी मैत्रिणींना सांगत सुटले की गाडी अंगावर आली आणि मला काहीसुद्धा वाटलं नाही. मला वाटलं मी शूर आहे. पार दिवाळी गेली, फराळ झाला, आणि मला काहीच वाटत नव्हतं, भाजलं तरी कळायचं नाही, आई म्हणायची, "अगं हात बघ", तेव्हा बघायची. आणि ही बावळट त्याचा टेंभा मिरवत होती. गॉगलवाल्याचं तोंड मला दुसऱ्या दिवसापासून आठवेना, उरलेलं अर्धंही. झेंड्याचा आईने लोणच्याच्या बरणीला दादरा केला, चौकटी वर येतील असा बांधून. आणि उन्हाळ्यात नवा माठ आला, जुनी चुंबळ कुजली होती, तेव्हा मोठीआईने ते कडं आणून ओट्याच्या कोपऱ्यात ठेवलं आणि माठ त्यावर बसवला. अगदी मापाचं बसलं. काका रोज कामावरून आला की त्याच माठातलं पाणी प्यायचा. प्यायच्या आधी कड्याला हात लावून जरासं हलवून बघायचा. मग पेला भरायचा. आम्ही सगळे दुसरीकडे बघायचो.

परवाच्या नवमीला तो इथे आला होता. मोहन्याहून त्याच्या मुलाने रिक्षात बसवून दिलं. आता वाळून गेलाय, ऐकू कमी येतं, पण दाढी रोज करतो. रेवाने नवी गाडी घेतली आहे, घोडबंदरच्या ऑफिसला जायला, तिची पूजा म्हणून त्याला मुद्दाम बोलावलं होतं. रेवाने चौरंगावर तिचा लॅपटॉप ठेवला, माझी कात्री ठेवली, आणि डिकीत सापडला म्हणून चाकाचा पाना. हळदकुंकवाचं ताट घेऊन ती आत आली तेवढ्यात काका खुर्चीतून उठला, वाकला, पाना उचलला आणि पुन्हा बसला.

"आजोबा, तो पूजेतला आहे," रेवा म्हणाली.

"येक भायर ऱवांदे," काका म्हणाला.

रेवाने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "कर गं तू पूजा. लॅपटॉपला लाव कुंकू, बघू चालतो का."

नंतर तो पाणी प्यायला स्वयंपाकघरात आला. कड्याला हात लावला, हलवलं. मग पेला न भरताच म्हणाला, "शकू, तू बाजूला का नाही झालीस गं?"

इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मी कणिक मळत होते. मला खरं काय ते सांगता आलं असतं, की मला काही वाटलंच नाही, मी तिथे नव्हतेच, आणि कधीकधी अजूनही नसते. पण तो त्या कड्यावर हात ठेवून उभा होता, पेला अजून रिकामाच.

"बाजूला कशाला होऊ?" मी म्हटलं. "मला वाटलं तू जिंकलास."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग हसला. कुणीही आधी हसलेलं नसताना. "मागून चौथा होतो मी, बावळट," म्हणाला, आणि पेला भरला.

संध्याकाळी त्याला रिक्षात बसवलं तेव्हा सदऱ्याचा खिसा एका बाजूने खाली ओढला गेला होता. दुसऱ्या दिवसापासून रेवा घरभर पाना शोधते आहे. कुठे गेला म्हणून मला विचारते. मी सांगितलं, अचानक हरवला.